सिरॅमिक हॉब सारखा पेटतो-विझतो कशाला? आच ओळखून स्वयंपाक कसा करायचा

सिरॅमिक हॉबचा, म्हणजे काचेच्या पृष्ठभागाच्या विजेच्या शेगडीचा, नॉब ५ वर फिरवला, काचेखाली कॉइल लाल झाली आणि मिनिटभरही न टिकता विझली. थोड्या वेळाने पुन्हा लाल, पुन्हा काळी. हॉब नवा असताना हे पाहून बहुतेकांना वाटतं की कुठेतरी वायर सैल आहे किंवा थर्मोस्टॅट गेलाय. खरं तर हॉब तेव्हा अगदी नीट चालत असतो. आच कमी ठेवायची त्याची रीतच ही आहे: थोडा वेळ पूर्ण जोरात चालायचं, थोडा वेळ पूर्ण थांबायचं.

गॅसवर हात बसलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. ज्योत लहान केली की ती लहान दिसते आणि लहानच राहते. कॉइलला अर्ध्या जोराने चालणं माहीतच नसतं. १८०० वॅटची कॉइल चालू असते तेव्हा १८०० वॅटनेच चालते. नॉबने तुम्ही ठरवता ते एवढंच, की दर मिनिटातली किती सेकंदं ती चालू राहील. नॉबवरचा आकडा तापमान सांगत नाही, आणि भांड्यात काय शिजतंय याची साध्या हॉबला काहीही खबर नसते. हे एकदा डोक्यात बसलं की करपणं, उतू जाणं, ‘हा हॉब तापतच नाही’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ सापडतं आणि उपायही हाती लागतो.

काचेखाली काय असतं

आधी तुमचा हॉब सिरॅमिकच आहे ना, याची खात्री करा, कारण इंडक्शनची काच हुबेहूब अशीच दिसते. भांडं न ठेवता एक झोन, म्हणजे भांडं ठेवायचं एक वर्तुळ, सुरू करा. काही सेकंदांत काचेखाली लाल प्रकाश दिसला तर तो सिरॅमिक. लगेच बंद करा. इंडक्शन भांड्याशिवाय चालतच नाही, कारण तिथे उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते. जाड लोखंडी तबकड्यांचे हॉब आणखी वेगळे. त्यांच्या तबकडीखाली बहुधा तीन कॉइल असतात आणि नॉब त्या कधी एकेकट्या, कधी एकापाठोपाठ, कधी समांतर जोडून सहा पायऱ्यांची आच देतो. तिथे सारखं चालू-बंद होत नाही. पुढचं सगळं लाल होणाऱ्या काचेच्या हॉबबद्दल आहे.

वरची काच साधारण ४ मिलिमीटर जाड असते. लिथियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांपासून ती आधी नेहमीच्या काचेसारखी ओततात, मग ठरलेल्या तापमानाला तापवून तिच्यात अतिसूक्ष्म स्फटिक वाढवतात. हे स्फटिक तापल्यावर किंचित आकसतात, उरलेली काच किंचित प्रसरते, आणि दोन्ही मिळून काचेचा आकार जवळजवळ होता तेवढाच राहतो. म्हणून मधे कित्येकशे अंश तापलेली आणि कडेला गार असूनही ती तडकत नाही. साधी काच अशा ताणाने केव्हाच फुटली असती. या जातीच्या पदार्थाचा शोध १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांना अपघाताने लागला. ६०० अंशांवर लावलेली भट्टी बिघडून ९०० अंशांवर गेली, आत वितळलेल्या काचेचा गोळा मिळण्याऐवजी पांढरी, घट्ट पाटी निघाली, आणि ती हातून जमिनीवर पडली तरी फुटली नाही.

स्वयंपाकाच्या दृष्टीने या काचेचे दोन गुण महत्त्वाचे. एक, कॉइलमधून निघणारे अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी उष्णता, ती बऱ्याच प्रमाणात आरपार जाऊ देते. दोन, आडव्या दिशेने ती उष्णता फारच कमी वाहून नेते. त्यामुळे झोनच्या बाहेर काच बरीच गार राहते आणि आच झोनच्या वर्तुळातच कोंडून राहते.

कॉइल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची नागमोडी पट्टी. ती उष्णतारोधक वाटीत बसवलेली असते, म्हणजे उष्णता खाली न जाता वरच जाते. चालू असताना पट्टी साधारण १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिची उष्णता भांड्याला दोन वाटांनी पोचते: काही किरणांनी थेट बुडाला, आणि काही आधी काच तापवून मग काचेच्या स्पर्शातून. दुसरी वाट लक्षात ठेवा. भांड्याचं बूड सपाट का हवं आणि हॉब बंद केल्यावरही पदार्थ का शिजत राहतो, या दोन्हींचं उत्तर तिथेच आहे.

आच कमी-जास्त कोण करतं

नॉबवाल्या हॉबमध्ये प्रत्येक नॉबच्या मागे एक छोटी डबी असते, तिला एनर्जी रेग्युलेटर म्हणतात. आत दोन वेगवेगळ्या धातू एकमेकींना चिकटवून केलेली पट्टी असते. तापली की दोन्ही धातू सारख्या प्रसरत नाहीत, म्हणून पट्टी वाकते. या पट्टीला स्वतःचा एक इवलासा हीटर जोडलेला असतो. वीज सुरू झाली की मोठी कॉइल आणि हा छोटा हीटर दोन्ही एकदम चालतात. छोट्या हीटरने पट्टी तापते, वाकते आणि ‘टक्’ असा आवाज करून संपर्क तोडते. कॉइल विझते, छोटा हीटरही विझतो. पट्टी निवते, सरळ होते, पुन्हा ‘टक्’, पुन्हा कॉइल लाल. नॉब फिरवल्यावर आतली चकती पट्टीवरचा दाब बदलते, म्हणजे संपर्क तुटायला पट्टी किती वाकावी लागेल ते बदलतं. आकडा मोठा, तर जास्त वाकावी लागते, म्हणून कॉइल जास्त वेळ चालू राहते.

यात पट्टी तापते ती तिच्या स्वतःच्या हीटरने. तिला वरच्या भांड्याचा पत्ता नसतो. पातेल्यात तीन लिटर पाणी असो की एक चमचा तेल, नॉब ४ वर असेल तर रेग्युलेटर दोन्ही वेळा सारखीच सेकंदं मोजून देणार. ओव्हनमधला थर्मोस्टॅट तापमान चाचपून वीज तोडतो. हॉबवर ते काम माणसानेच करायचं असतं.

टच कंट्रोलच्या हॉबमध्ये पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट वेळ मोजतं आणि रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, चालू-बंद करतं. बारीक टकटक ऐकू येते ती रिलेची. सेकंदं इथे जास्त नेमकी असतात, पण तत्त्व तेच. काही मॉडेलमध्ये सुरुवातीला आपोआप पूर्ण जोर देऊन मग निवडलेल्या आकड्यावर येण्याची सोय असते. तीसुद्धा ठरावीक वेळ मोजूनच चालते, पाणी उकळलं की नाही हे बघून नव्हे. भांड्यात थोडंसंच काही असेल, विशेषतः दूध, तर ती सोय वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण जोराची वेळ संपायच्या आत दूध काचेवर आलेलं असतं.

काच सांभाळणारी दांडी

चालू-बंद होण्याचं दुसरं कारण अगदी वेगळं आहे, आणि लोक घोटाळा करतात तो इथेच. लाल झालेल्या झोनकडे नीट पाहिलं तर कॉइलच्या वरून एक सरळ दांडी गेलेली दिसते. ती लिमिटर. दांडीच्या आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या पदार्थांचा असल्याने तापल्यावर दोघांच्या लांबीत फरक पडतो, आणि काच धोक्याच्या तापमानाकडे जाऊ लागली की टोकाचा स्विच वीज तोडतो. काच थोडी निवली की वीज पुन्हा येते. बऱ्याच लिमिटरमध्ये दुसराही एक स्विच असतो. ‘अजून गरम आहे’ सांगणारा दिवा लावायचं काम त्याचं.

म्हणजे कॉइल विझवणारे दोघं आहेत. रेग्युलेटर तुमच्या सांगण्यावरून विझवतो, लिमिटर काचेला वाचवायला विझवतो. नॉब मधल्या किंवा खालच्या आकड्यावर असताना कॉइल लाल-काळी होत असेल तर ते रेग्युलेटरचं नेहमीचं काम. नॉब शेवटच्या आकड्यावर असताना रेग्युलेटर सहसा वीज तोडतच नाही. तरीही कॉइल विझत असेल तर लिमिटर मधे पडलाय असं समजा. त्याला कारण बहुतेकदा भांडंच असतं: ते रिकामं आहे, झोनपेक्षा लहान आहे, मधोमध ठेवलेलं नाही किंवा त्याचं बूड वाकलंय. कॉइलची उष्णता उचलून नेणारं वर कोणी नसलं की ती काचेत साठते आणि दांडी आपलं काम करते. पूर्ण जोरावर बराच वेळ चाललेल्या झोनमध्ये चांगलं भांडं असतानाही अधूनमधून असं होतं. ते चालायचंच.

खात्री करायला झोनएवढ्या सपाट बुडाच्या पातेल्यात दोन लिटर पाणी घ्या, मधोमध ठेवा आणि पूर्ण आच द्या. पाणी तापत असताना कॉइल सलग लाल राहिली तर हॉब ठीक आहे, आधीच्या भांड्यात दोष होता.

आपल्या हॉबचं मोजमाप

हे काम एकदाच करायचं असतं, आणि माझ्या मते हॉबबरोबर आलेली पुस्तिका वाचण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. नॉबवर १ ते ६ किंवा १ ते ९ आकडे असतात, पण ५ म्हणजे ताकदीचा अर्धा भाग असं बहुतेक हॉबमध्ये नसतं. खालचे आकडे एकमेकांच्या फार जवळ असतात, आणि शेवटच्या दोन-तीन आकड्यांत आच एकदम उसळते. आपल्या हॉबवर ती कशी वाढते हे माहीत असलं की अंदाजाने चुकायची वेळ येत नाही.

१. झोनची ताकद शोधा. पुस्तिकेत किंवा हॉबच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर ती लिहिलेली असते. साधारण १४५ मिलिमीटर व्यासाचा झोन १२०० वॅटचा, १८० मिलिमीटरचा १७०० ते १८०० वॅटचा आणि २१० मिलिमीटरचा २१०० ते २३०० वॅटचा असतो.

२. पातेल्यात पाणी भरून ठेवा आणि नॉब ३ वर लावा. पहिली एक-दोन आवर्तनं मोजू नका. रेग्युलेटरची पट्टी गार असल्याने पहिल्यांदा कॉइल नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहते.

३. आता फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा: किती सेकंदं चालू, किती सेकंदं बंद. ‘टक्’ ऐकू येत असेल तर त्याच्यावरूनच मोजा, कारण वीज आल्यावर कॉइल लाल दिसायला काही सेकंद लागतात. आवाज येत नसेल तर दिवे मंद करून लाली पाहा. तीन-चार आवर्तनांची सरासरी घ्या.

४. चालू वेळेला चालू आणि बंद यांच्या बेरजेने भागा आणि ताकदीने गुणा. समजा १८०० वॅटचा झोन ९ सेकंदं चालू आणि ३६ सेकंदं बंद राहतोय. ४५ सेकंदांत ९, म्हणजे २० टक्के, म्हणजे सरासरी ३६० वॅट. वरच्या एखाद्या आकड्यावर २० सेकंदं चालू आणि २० बंद आढळलं, तर ९०० वॅट.

५. सगळे आकडे मोजायची गरज नाही. खालचा एक, मधले दोन आणि शेवटच्या आधीचा एक पुरेत. कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा. दुसऱ्या झोनसाठी वेगळं मोजा, कारण लहान झोनचा ४ आणि मोठ्या झोनचा ४ यांची आच एक नसते.

वॅट कळले की काय फायदा? एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. हॉबमधून निघालेल्या उष्णतेतली ७० टक्क्यांच्या आसपास भांड्यात पोचते असं धरलं, तर १८०० वॅटवर साडेचार मिनिटांच्या आगेमागे उकळी यायला हवी. काच तापायला लागणारा वेळ वरून धरा. तुमच्या हॉबला याच्या दुप्पट लागत असतील तर भांडं, झोनचा आकार किंवा विजेचा दाब यांतलं काहीतरी तपासायला हवं.

उलट बाजूही तेवढीच उपयोगाची. पाणी एकदा उकळलं की समुद्रसपाटीला ते १०० अंशांच्या वर जात नाही, कितीही आच द्या. त्यानंतर पूर्ण जोर चालू ठेवला तर तो सगळा वाफेत जातो: १८०० वॅटच्या झोनवर मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पाणी उडतं आणि पदार्थ एक क्षणही लवकर शिजत नाही. झाकण ठेवलेलं पातेलं हलकं रटरटत ठेवायला काहीशे वॅट पुरतात. उकळी आली की तुमच्या कागदावरच्या ३००-४०० वॅटच्या आकड्यावर या. तेवढ्यात रटरट थांबली तर एक पायरी वर.

भांडं

हॉब कोणता घ्यावा यावर लोक जेवढा विचार करतात, त्याच्या निम्मा तरी भांड्यांवर करावा. चालू-बंद होणारी आच गुळगुळीत करायचं काम भांड्याच्या बुडाचं आहे.

वरचंच उदाहरण घ्या. १८०० वॅटची कॉइल ९ सेकंदं चालली की सुमारे १६ किलोज्यूल उष्णता सुटते. ती सगळी एकदम ३०० ग्रॅमच्या पातळ ॲल्युमिनियम पॅनमध्ये गेली असती तर पॅन ६० अंशांनी तापला असता. एक किलोचा जाड पॅन मात्र अवघ्या १८ अंशांनी. प्रत्यक्षात चढउतार याहून बरेच कमी असतात, कारण काच आणि खालची वाटी काही उष्णता आपल्यात ठेवून हळूहळू सोडतात, पण जाड आणि पातळ बुडातला फरक तसाच राहतो. पातळ पॅनमध्ये कांदा परतताना कान देऊन ऐका: कॉइल लाल झाली की चरचर वाढते, विझली की मंदावते. जाड बुडाच्या पॅनमध्ये आवाज बराचसा एकसारखा येतो. पदार्थ एका जागी लागणं, मधेच करपणं, कडेला कच्चं राहणं, यांतलं निम्मं तरी जाड बुडाने जातं.

बुडाचा सपाटपणा दोन रीतींनी तपासा. भांडं उलटं करून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे पाहा. मधे पट्टीखालून अगदी बारीक फट दिसली तर हरकत नाही, चांगली भांडी मुद्दामच किंचित आत दबलेली असतात आणि तापल्यावर सपाट होतात. दुसरी रीत, भांडं काचेवर ठेवून कडेने हलकेच फिरवा. भिंगरीसारखं गरगरलं तर बूड मधे फुगलंय. असं भांडं या हॉबवर कधीच नीट तापणार नाही: काचेला त्याचा एकच ठिपका टेकलेला असतो, बाकी सगळीकडे हवा, आणि हवेतून उष्णता फार सावकाश जाते.

बूड झोनच्या लाल वर्तुळाएवढं असावं. थोडं मोठं चालतं, लहान नको. लहान भांड्याभोवतीची उघडी काच नुसतीच तापते, उष्णता खोलीत जाते आणि लिमिटर वारंवार मधे पडतो. पॅन फारच मोठा असेल तर मधे भाजतं आणि कडा गार राहतात. दुहेरी वर्तुळाचा झोन असेल तर बाहेरचं वर्तुळ वेगळं सुरू करावं लागतं. बऱ्याच नॉबवर शेवटच्या आकड्याच्या पुढे जोर लावून फिरवल्यावर ते लागतं, आणि शून्यावर आणेपर्यंत चालू राहतं. ‘अर्धाच झोन तापतो’ ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

धातूंबद्दल थोडक्यात: जाड ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा थर आत असलेलं स्टीलचं बूड सर्वांत चांगलं. बाहेरून निस्तेज, काळपट बूड चकचकीत बुडापेक्षा किरण जास्त शोषतं. काचेची आणि मातीची भांडी तापायला वेळ घेतात. बिडाचं भांडं छान चालतं, पण ते घासत सरकवू नका, उचलून ठेवा. बूड नेहमी कोरडं करूनच ठेवायचं.

प्रत्यक्ष स्वयंपाक करताना

सिरॅमिक हॉबवर आच बदलली तरी भांड्याला ती कळायला वेळ लागतो. नॉब ९ वरून २ वर आणला तरी काच अजून कित्येकशे अंशांवर असते आणि खालची वाटीही. म्हणून इथे आधी हात चालवायचा असतो. पाण्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागले की नॉब खाली आणा, खळखळ उकळीची वाट पाहू नका. साठलेली उष्णता उरलेलं काम करते.

जिथे आच एकदम कमी व्हायलाच हवी तिथे दोन झोन वापरा. ही युक्ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. पदार्थ मोठ्या आचेवर चढवतानाच शेजारचा झोन २ किंवा ३ वर सुरू करून ठेवा. उकळी आली की भांडं उचलून तिकडे न्या आणि पहिला झोन बंद करा. आच कमी होण्याची वाट पाहावी लागत नाही. दूध असेल तर दुसरा झोन मिळेपर्यंतही थांबू नका: फेस वर चढायला लागला की भांडं सरळ उचला. नॉब शून्यावर आणून वर येणारं दूध थांबत नाही.

परतणं आणि तळणं यासाठी पॅन रिकामा ठेवून पूर्ण आचेवर तापवायची सवय मोडा. रिकामा पॅन या काचेवर फार लवकर भलत्या तापमानाला जातो, नॉनस्टिकचा थर खराब होतो आणि तेल घातल्या घातल्या धुरावतं. ९ पैकी ६ किंवा ७ वर तापू द्या, दोन-तीन मिनिटं धीर धरा. तेल घातल्यावर ते पातळ होऊन लाटेसारखं सरकू लागलं की जिन्नस घाला. जिन्नस गार असेल आणि जास्त असेल तर घालायच्या थोडं आधीच नॉब एक पायरी वर न्या, म्हणजे गार माल पडायच्या वेळी कॉइलचा जोर पोचलेला असतो. तळताना तेलाचं तापमान नेमकं हवं असेल तर थर्मामीटरशिवाय इलाज नाही, कारण हॉब तेवढा वेळ फक्त सेकंदं मोजत असतो.

भात, घट्ट रस्से, सॉस अशा लागणाऱ्या पदार्थांना झाकण आणि अगदी खालचा आकडा द्या. लक्षात घ्या, खालच्या आकड्यावरही कॉइल चालू असते तेव्हा पूर्ण जोरातच असते. पातळ भांड्यात घट्ट पदार्थ या छोट्या पूर्ण झळांनीच बुडाला धरतो. आकडा आणखी कमी करून तो दोष जात नाही, बूड जाड हवं. घरात जाड बुडाचं भांडं नसेल तर मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात लहान भांडं ठेवा, पाणी झळा झेलतं.

आणि शेवटची काही मिनिटं हॉब बंद ठेवून शिजवा. जाड बूड आणि झाकण असेल तर शेवटची पाच-सात मिनिटं साठलेल्या उष्णतेवर आरामात निघतात. वीज वाचते हे खरंच, पण मला त्याहून आवडतो तो हळूहळू उतरणाऱ्या आचेत पदार्थ मुरण्याचा फायदा.

बंद झाल्यावरची काच

लाली गेली म्हणजे काच निवली असं मुळीच नाही. काळी काच हात भाजण्याइतकी तापलेली असू शकते, आणि दिसायला ती गार काचेसारखीच असते. ‘गरम आहे’चा दिवा किंवा H हे अक्षर साधारण ६० अंशांच्या खाली जाईपर्यंत राहतं. घरात लहान मूल असेल तर दिवा विझेपर्यंत झोनवर भरलेलं भांडं ठेवणं हा उपाय नाही, मुलालाच लांब ठेवा. झोनवर पिशवी, प्लॅस्टिकचा डबा, चमचा, फडकं ठेवायची जागा कधीच करू नका.

सांडलेलं बहुतेक सगळं काच निवल्यावर पुसलं तरी चालतं, साखर सोडून. पाक, जॅम, गोड रस काचेवर सांडला तर झोन बंद करून, काच गरम असतानाच, काचेसाठी मिळणाऱ्या पात्याच्या खरवडणीने काढा. हाताला जाड मोजा घाला आणि पातं तिरपं धरा. साखर काचेला घट्ट चिकटते, निवताना आकसते आणि काचेचा कपचा उपटून काढते. तो खड्डा कायमचा राहतो. वितळलेल्या प्लॅस्टिकचंही असंच करा. काचेला तडा गेला तर मात्र एक मिनिटही वापरू नका. भिंतीवरचा मेन स्विच बंद करा, कारण तड्यातून पाणी आत गेलं तर विजेचा झटका बसू शकतो.

बिघाड कधी समजायचा

नॉब कुठेही ठेवला तरी झोन सतत पूर्ण लाल राहतो आणि कधीच विझत नाही: रेग्युलेटरचे संपर्क चिकटलेत. असा झोन वापरू नका, कारण आच कमी करायची सोयच गेलेली असते. झोन अजिबात तापत नाही पण बाकीचे चालतात: कॉइल तुटली, लिमिटर गेला किंवा रेग्युलेटर गेला, यांपैकी एक. कोणतं ते मीटर लावल्याशिवाय कळत नाही. काच पूर्ण गार असूनही गरमचा दिवा तासन्‌तास जळतोय: लिमिटरमधला दिव्याचा स्विच अडकलाय. स्वयंपाक होतो, पण दिव्यावर विश्वास ठेवता येत नाही, म्हणून दुरुस्त करून घ्यावं. चांगल्या भांड्यात पाणी असतानाही पूर्ण आचेवर कॉइल दर थोड्या सेकंदांनी विझते: लिमिटर वेळेआधीच तोडतोय.

टच हॉब अचानक बंद पडला तर आधी पॅनेल कोरडं पुसून पाहा. उतू गेलेलं पाणी बटणांवर आलं की हॉब त्याला बोट समजतो आणि स्वतःला बंद करतो. बराच वेळ कोणीच काही बदललं नाही तरीही काही हॉब आपोआप बंद होतात, मोठ्या आचेवर लवकर, लहान आचेवर उशिरा. तो सुरक्षेचा भाग आहे.

सगळेच झोन एकदम मंद वाटू लागले तर हॉब उघडायच्या आधी विजेचा दाब तपासून घ्या. दाब १० टक्के पडला तर कॉइलची ताकद १९ टक्के पडते, म्हणजे १८०० वॅटचा झोन १४६० वॅटच्या आसपास येतो आणि त्याच पाण्याला उकळी यायला सव्वापट वेळ लागतो. दाब ठीक असूनही आच कमीच असेल तर झोन मोजलेला तुमचा तो कागद तंत्रज्ञाला दाखवा. कोणत्या आकड्यावर किती सेकंदं चालू आणि किती बंद हे आधीचं आणि आताचं दोन्ही समोर असलं, की दोष कॉइलचा की रेग्युलेटरचा हे शोधायला त्याला सोपं जातं.